आगोठीआधी ओटा

वहिनी भिंतीला पाठ टेकून उभी राहते, उजवा हात कोपरात दुमडते आणि गवंड्याला म्हणते, "इथनं खाली मोज." गवंडी खर्डीचा. ओटे बांधण्यात त्याचा हात बसलेला आहे, म्हणून तो टेप न सोडताच सांगतो, "काकू, ओटा चौतीसचाच धरतात सगळीकडं." वहिनी हात खाली घेत नाही. शेवटी तो टेप सोडतो. जमिनीपासून कोपरापर्यंत 36 इंच.

तेवढ्यावर ती थांबत नाही. सुनेला हाक मारून शेगडी मागवते, कोरड्या विटांचे थर रचायला लावते, वर एक फळी, फळीवर शेगडी, शेगडीवर पातेलं. थर 34 इंचांवर आल्यावर पळी घेऊन रिकाम्या पातेल्यात ढवळू लागते. शेगडीची पाच-सहा इंच उंची आणि त्यावर पातेल्याची. कड जवळजवळ खांद्यापर्यंत येते. पळी आत घालायची तर कोपर वर उचलावं लागतं आणि खांदा कानाकडे सरकतो. "तळाला काय लागलं ते दिसणार कसं?" ती विचारते. एक थर निघतो, ती पुन्हा ढवळते. आणखी विटा निघतात. फळी 29 इंचांवर आल्यावर तिचा खांदा सैल पडतो आणि ती मान वाकवून पातेल्याचा तळ पाहते. "हं. इथं." गवंडी भिंतीवर कोळशाने रेघ मारतो.

वहिनीची उंची पाच फुटांच्या आत आहे. पाड्यावरच्या बहुतेक बायकांची तेवढीच. आजवर तिने जमिनीवर बसूनच रांधलं. उभ्याने स्वयंपाक ती आता प्रथमच करणार आहे.

उंबरमाळी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचं कसाऱ्याआधीचं शेवटचं स्टेशन. लोकल थांबते, चार माणसं उतरतात, आणि नाशिककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. रूळ मागे टाकून पायवाटेने चढलं की पाडा लागतो. मे महिना सरत आलाय. करवंदं संपत आलीत, खाचरांत राब भाजून झालेत, त्यांचे काळे चौकोन उतारावर दिसतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या डोंगरपट्ट्यात हेच दिवस घर हातात घेण्याचे. कौलं परतायची, कूड लिंपायचा, आणि मृगाआधी आगोठ भरायची: तांदूळ, मीठ, मिरची-मसाला, सुकट, सुके बोंबील, लाकूडफाटा, गोवऱ्या. पाऊस लागला की पुढचे चार महिने या मालावर घर चालतं. म्हणून स्वयंपाकघराचं काम आगोठीआधी संपायलाच हवं. माल ठेवायचा कुठे, हे त्याशिवाय ठरत नाही.

हे घर वारली कुटुंबाचं. पुढे पडवी, मग माजघर, मागच्या अंगाला स्वयंपाकाची खोली. भिंती कारवीच्या काठ्यांच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेल्या. मागच्या खोलीचा एक कूड उधईने खाल्ला होता, तो उतरवून तिथे विटांची भिंत उभी राहिली आहे. विटा दादांनी, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानेच आणल्यात. दिवाळीनंतर हे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जातं आणि उन्हाळा तापल्यावर परततं. ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी आदिवासी घरांचं वर्षाचं गणित असंच असतं. भट्टीचा हिशेब मिळाला की हातात रोकड असते, आणि तेव्हाच घराचं काम निघतं.

पण तेव्हा पाणी नसतं. हे दुःख इथे रोज डोळ्यांसमोर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा 1892 पासून भरतोय. भातसा, मोडकसागर आणि 2014 साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणाचं धरण, हे सगळं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या वेशीवर आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. आज सकाळपासून वहिनीची सून दोन वेळा उतारावरच्या विहिरीला जाऊन आली आहे. तिसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर उतरतो. विहिरीच्या तळाला घोट्याएवढं गढूळ पाणी. एक मुलगी आत उतरून वाटीने कळशी भरते, वरच्या दोघी दोराने ओढून घेतात. आपला नंबर यायला बराच वेळ जातो. कळशी भरली की सून ती डोक्यावर घेते, हंडा कमरेवर, आणि चढ चढू लागते. थेंब सांडत नाही.

त्या पाण्यात सिमेंटला वाटा द्यायचा आहे. सिमेंट कालवायला पाणी लागतंच, पण त्याहून जास्त लागतं ते नंतर मारायला. ओल टिकली नाही तर सिमेंट घट्ट व्हायच्या आधी सुकतं, तडे जातात, पोपडे सुटतात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल लागते. बाजारात हल्ली बहुतेक राखमिश्रित सिमेंट मिळतं, त्याला दहा. मेच्या उन्हात दिवसातून तीन-चारदा पाणी मारावं लागतं. म्हणून वहिनीने आधीच ठरवून टाकलंय: सिमेंट फक्त ओट्याला, मोरीला आणि ओट्यामागच्या दीड फूट पट्टीला. बाकी भिंतींना माती. गवंड्याला ते पटत नाही. सगळ्या खोलीला प्लास्टर केलं की काम कसं एकसारखं दिसेल, असं त्याचं म्हणणं. तो त्याच्या जागी बरोबर आहे, पण पाणी त्याच्या डोक्यावरून येत नाही. मातीच्या लिंपणाला त्यामानाने थोडं पाणी पुरतं आणि ते सुकलं की काम संपलं. तडा गेला तर पुढच्या सणाला पुन्हा हात फिरवायचा. मला विचाराल तर या पट्ट्यातल्या घरासाठी हा निर्णय पूर्ण शहाणपणाचा आहे, आणि तो काटकसरीपुरता नाही.

सिलिंडरची गोष्ट वेगळीच निघते. ओटा 29 इंचांचा म्हटल्यावर गवंडी सिलिंडर आणून उभा करतो. घरगुती 14.2 किलोची टाकी दोन फुटांहून थोडी उंच असते, वर रेग्युलेटर. कडप्प्याची जाडी वजा केली तर टाकी ओट्याखाली जेमतेम मावते, पण रेग्युलेटर काढा-घालायला हात जात नाही. वहिनीचा मुलगा कल्याणला जातो-येतो, त्याने कुठे तरी नीट पाहिलेलं दिसतं. तो सांगतो, टाकी ओट्याखाली नकोच. ओट्याच्या टोकाला, दाराजवळ उभी ठेवू. शेगडी टाकीपेक्षा उंच हवी, तेवढं 29 इंचांत साधतं. आणि मग तो महत्त्वाचं बोलतो: "चूल या खोलीत नको." घरगुती गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरतो. आणि चूल जमिनीवरच पेटलेली.

आजी पडवीत बसून ऐकते आहे. वहिनीची सासू. गॅस आला त्याला तिची ना नाही. पहाटेचा चहा सुनेला पटकन करता येतो हे तिला आवडतं. पण चूल बाहेर काढायची म्हटल्यावर ती हाताने वर दाखवते. छताखालचे बांबू, वासे, कारवी, सगळं धुराने काळं कुळकुळीत झालंय. "ही काजळी हाय म्हून घर उभं हाय," ती म्हणते. "धूर थांबला का भुंगा लागल." खरंच आहे ते. धुरात राहिलेल्या बांबूला कीड सहसा लागत नाही. चुलीवर टांगलेल्या बियाण्यालाही नाही. आत्ताही तिथे काकडीच्या बिया पुरचुंडीत बांधून ठेवल्यात, मक्याची कणसं शेंडीने अडकवलीत, आणि वाळलेल्या दुधीत काही तरी भरून तोंड शेणाने लिंपलंय. चूल हलली तर हे सगळं जायचं कुठे?

या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलत नाही. मला हा सगळ्या दिवसातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण घराचे नकाशे काढणाऱ्यांच्या कानावर हा प्रश्न कधी जातच नाही. 1983 साली निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 2002 साली बंद झाला. तशी एक चूल याही घरात होती. तिचं नळकांडं काजळीने बुजलं, ते साफ करायला पुन्हा कोणी आलं नाही, आणि एका पावसाळ्यात नळकांड्याभोवतीच्या कौलांतून पाणी गळू लागल्यावर आजीने ती मोडली. 2016 नंतर उज्ज्वला योजनेची शेगडी आली. टाकी संपली की ती पुन्हा भरायला भट्टीवरच्या काही दिवसांची मजुरी जाते, म्हणून भाकरी, भात, अंघोळीचं पाणी हे सगळं चुलीवरच राहिलं. दोन्ही असणार आहेत. अजून बरीच वर्षं दोन्ही असणार आहेत. स्वयंपाकघर बांधायचं तर दोन्हींसाठी बांधायला हवं.

तोडगा वहिनी काढते. मागच्या दाराबाहेर छपराचा उतार पुढे आलेला आहे. तिथे कमरेएवढा कूड घालायचा आणि चूल त्या आडोशाला बसवायची. खोलीत धूर कोंडणार नाही, पण छप्पर तेच असल्याने धूर कौलांखालून वर चढेल आणि वाशांना लागेल. बियाण्याचा बांबू तिथेच हलवायचा. आजी उठून जागा बघून येते. उताराखाली उभी राहून, बोट ओलं करून वारा कुठून येतो ते पाहते. "तोंड इकडं," ती सांगते, आणि विषय मिटतो.

दुपारी चूल आजीच घालते. वारुळाची माती चाळून ठेवलेली आहे. तीत भाताचं तूस आणि शेण. पाणी थोडंथोडं, ओंजळीने. गोळा मळताना ती मध्येच चिमूट घेऊन दोन बोटांत दाबते. कडेला भेग पडली की आणखी थोडं पाणी. मग तीन बाजू उभ्या करते, मागच्या अंगाला वैल काढते, आणि ज्वाळा वैलाकडे जायची वाट मुठीने पोखरते. मूठ आत घालून फिरवते, बाहेर काढते, पुन्हा घालते. ती वाट अरुंद झाली तर वैलावरचं कालवण शिजत नाही. रुंद झाली तर पुढचा तवा तापत नाही. शेवटी भांडं टेकायला कडेवर तीन उंचवटे अंगठ्याने दाबून बसवते, त्यावर तवा ठेवते, डोळ्याच्या पातळीवर येऊन बघते आणि एक उंचवटा किंचित खाली दाबते. गवंडी हातातली थापी बाजूला ठेवून पाहत राहतो.

आतल्या खोलीत दुसरा एक निर्णय सकाळीच झालेला आहे. ओटा ज्या भिंतीला लागायचा होता त्या भिंतीवर चौक आहे. गेल्या वैशाखात मुलाच्या लग्नात सुवासिनींनी घातलेला. गेरूच्या तांबड्या रंगावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, झाडं, नाचणारी माणसं. वारल्यांत हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंनी हीच चित्रं कागदावर आणि कापडावर नेऊन जगभर पोचवली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. शहरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत वारली चित्रांच्या टाइल्स बसवलेल्या मी पाहिल्यात. इथे मात्र भिंतीवरचं चित्र धुराने पिवळसर झालंय, एका कोपऱ्यात पोपडा निघालाय. गवंडी सहज म्हणाला होता, "प्लास्टर करून वर नवं काढू." सून काही बोलली नाही, फक्त वहिनीकडे पाहिलं. चौक तिच्या लग्नाचा आहे. वहिनीने ओटा समोरच्या नव्या भिंतीला नेला. त्यामुळे मोरीची वाट लांबली, पाइप चार फूट जास्त लागला, आणि त्या चार फुटांसाठी कोणी कुरकुर केली नाही.

बाकी सजावट भराभर होते. ओट्यामागच्या पट्टीला कल्याणहून आणलेल्या उरलेल्या टाइल्स, तीन रंगांच्या, कारण एका रंगाच्या तेवढ्या मिळाल्या नाहीत. वरच्या भिंतीला चुन्यात नीळ घालून फिकट निळा हात. जमिनीलगत गेरूचा पट्टा. स्टीलची मांडणी सुनेच्या माहेरहून आलेली. ती खिळ्यांवर बसते न बसते तोच सून ताटं उभी लावू लागते, पेले उपडे, चमचे खाली अडकवलेले. तांब्याचा हंडा चिंचेने घासून मांडणीच्या डोक्यावर. वर कौलांत एक काचेचं कौल बसवलंय, बरोबर ओट्याच्या वर. या खोलीला खिडकी नव्हती. मंगलोरी कौलं काढून पत्रा घालावा असंही कोणी सुचवलं होतं, पण मेमध्ये पत्र्याखाली उभं राहून रांधणं काय असतं ते शेजारी जाऊन पाहिलं की कळतं. काचेच्या कौलातून उजेडाचा चौकोन पडतो आणि दुपार सरकते तसा ओट्यावरून मोरीकडे सरकतो.

चार वाजता कडप्पा चढतो. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा हा काळा दगड, महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांचे ओटे याचेच. दोघं धरतात, गवंडी माल पसरतो, "हळू, हळू" म्हणत दगड टेकवतात. लाकडी ठोकळ्याने ठोकून पातळी बघतात. मोरीकडे किंचित उतार. गवंडी वहिनीला बजावतो की चिंच-लिंबू सांडलं तर लगेच पुसा, चुनखडीचा दगड आहे, आंबटाने डाग पडतो आणि जात नाही. ग्रॅनाइटला तसं होत नाही, पण ग्रॅनाइटचा भाव झेपणारा नव्हता. वहिनी कडेवरून बोट फिरवते. एका ठिकाणी धार बोचते. गवंडी तिथे घासून देतो.

आणि मग बारदान. गोणपाट फाडून, भिजवून ओट्याच्या भिंतींना आणि मागच्या पट्टीला गुंडाळतात म्हणजे ओल टिकेल, कमी पाण्यात भागेल. त्यावर मारायला वहिनी विहिरीचं पाणी घेत नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात धुतलेलं पाणी सकाळपासून एका घमेल्यात साठवलंय. ते वाटीने बारदानावर शिंपते. सून म्हणते, रात्री मी उठून मारीन. आजी चुलीवर ओला फडका फिरवून आतल्या दिशेने सरकते. चूल सावलीत सुकू द्यायची, लगेच पेटवायची नाही.

शेजारचं घर घरकुलातलं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घराला किमान 269 चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली. सपाट भागासाठी केंद्राच्या योजनेचं अनुदान 1 लाख 20 हजार. पक्की भिंत, वर स्लॅब, कुठे फट नाही. चूल आत पेटवली तर डोळे उघडत नाहीत, म्हणून तिथल्या बाईने मागे बांबू रोवून निळं प्लास्टिक ताणलंय आणि त्याखाली तिची चूल. पाऊस आला की ते प्लास्टिक फाटतं. घर मिळालं हे मोठंच आहे, ती स्वतः तसं सांगते. पण चुलीला छप्पर मिळालं नाही, आणि ते मिळायला फार काही लागलं नसतं. स्लॅब मागच्या बाजूने चार फूट पुढे काढला असता तरी पुरलं असतं.

शहापूर-मुरबाडमध्ये घरकुलांची कामं बघणाऱ्या अभियंत्यांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. चुलीची जागा नकाशात दाखवा, छपराखाली दाखवा आणि ती कुठे हवी ते रांधणाऱ्या बाईला विचारा. दुसरी गोष्ट पैशाची. इथली माणसं दिवाळीनंतर भट्टीवर निघतात आणि विहिरींना तेव्हाच पाणी असतं. भात झोडून झाल्यापासून निघेपर्यंतचे थोडे आठवडे हाच सिमेंट भिजवायचा खरा हंगाम. घरकुलाचा पहिला हप्ता त्याच्या आधी, दसऱ्यापर्यंत खात्यावर पडला पाहिजे. मेमध्ये पडलेल्या हप्त्याने भिंत उभी राहते, पण तिला मारायचं पाणी सुनेच्या डोक्यावरून येतं.